अण्णांना व्हिडिओवरच डॉक्टरला दाखवावं का? लातूरच्या फेऱ्यांनी मेटाकुटीला आलोय

मांजराकाठ (केज) | रविवार, सकाळी ८:४०

मंडळी, वाद घालायचा नाहीये, खरंच सल्ला पाहिजे.

आमचे अण्णा ७१ वर्षांचे. शुगर आणि बीपी दोन्ही, बारा वर्षं झाली. दर तीन महिन्याला त्यांना लातूरला एमडी डॉक्टरकडं नेतो. सकाळी सहाची एसटी धरायची, अंबाजोगाईला उतरून दुसरी गाडी, तिथं जाऊन नंबर लावायचा. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाष्टा, दोन तासांनी पुन्हा रक्त, मग रिपोर्ट येईस्तोवर बाकड्यावर बसून राहायचं. दुपारी अडीचला आत बोलावणं आलं की चार मिनिटं. "जेवण कसंय? मुंग्या येतात का? बरं, ह्याच गोळ्या चालू ठेवा." घरी यायला रात्रीचे आठ. अण्णांना अर्धं तिकीट आहे, पण माझं पूर्ण, वर माझा दिवस बुडतो. सुगीत तर माणूस मिळत नाही आणि मी बाकड्यावर बसलेला.

मागच्या खेपेला काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, आता एकाआड एक तपासणी व्हिडिओ कॉलवर करता येईल, रक्त गावाकडंच तपासा आणि रिपोर्ट पाठवा, फी तेवढीच. मला पटलं. अण्णांना नाही. म्हणले, "हात न लावता कसला डॉक्टर? मग टीव्हीवरच्यालाच दाखव की." आई म्हणती करून तर बघा.

कुणी केलंय का? कशाला चालतं, कशाला नाही?

तेरणा_ते_मुळा (मूळ कळंब, सध्या पुणे) | सकाळी ९:१५

दादा, बिनधास्त करा. माझे आईवडील गावाकडं, मी इकडं. व्हिडिओचा सगळ्यात मोठा फायदा मला हा झाला की मी पण त्या कॉलमध्ये असते. आधी आई फोनवर सांगायची, "डॉक्टर म्हणले सगळं बरंय." पहिल्याच कॉलला मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, डॉक्टर म्हणत होते लोणचं-पापड बंद करा, बीपी उतरत नाहीये. आईच्या हिशेबी हे "सगळं बरंय"मध्येच बसत होतं!

फक्त दोन गोष्टी. बोलायच्या आधी चालू गोळ्यांची पाकिटं ताटात काढून ठेवा. "ती पांढरी बारकी गोळी" असं सांगून चालत नाही. आणि विचारायचं काय ते कागदावर लिहा, कारण कॉल लागला की म्हातारी माणसं डॉक्टरचीच ख्यालीखुशाली विचारत बसतात.

दुधना (सेलू) | सकाळी ९:५०

पुण्यात बसून बिनधास्त म्हणायला काय जातंय ताई. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. गुडघेदुखीच्या म्हातारीला गुडघा दाखवायला टाकीवर चढवू का?

तेरणा_ते_मुळा | सकाळी ९:५८

टाकीवर चढली तर गुडघा बराच झाला म्हणायचा 😄 पण बरोबर आहे तुमचं. आमचं घर रस्त्यालगत आहे, म्हणून जमतं.

औषधी_दुकान (जिंतूर) | सकाळी १०:३०

मेडिकल चालवतो, सतरा वर्षं झाली. माझ्या काउंटरवर येऊन पडतं ते सांगतो.

माणूस मोबाईल पुढं करतो. त्यात चिठ्ठीचा स्क्रीनशॉट. वरचा भाग कापलेला, त्यामुळं डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. तारीख बघावी तर दोन महिन्यांमागची. कधीकधी तर पेशंटच दुसरा असतो, "भावजीला दिली होती, मलाबी तसंच व्हायलंय." मी नाही म्हणलं की हाच माणूस पुढच्या दुकानात जातो.

व्हिडिओवरची चिठ्ठी चालते, त्यात गैर काही नाही. पण पूर्ण पाहिजे: डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, पेशंटचं नाव आणि वय. पीडीएफ पाठवली तर तीच आणा, तिचा फोटो काढून, फोटोचा फोटो काढून आणू नका. आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव असलं, कंपनीचं नसलं, तर "हे नाही, मला नेहमीचीच लाल पट्टीवाली द्या" म्हणून भांडू नका. बऱ्याचदा ती तीच गोळी असते.

सासुरवाशीण_हिंगोली | सकाळी ११:०५

एक बायकांच्या बाजूनं लिहिते. कुणी हसू नये.

मला अंगावरून पांढरं जायचा त्रास होता, सहा-सात महिने. दवाखान्यात जायचं तर सोबत सासूबाई, आणि तपासायच्या खोलीला दार नाही, पडदा. बाहेरच्या बाकड्यावर गावातल्याच चार बायका. कसं बोलणार? शेवटी नणंदेनं व्हिडिओवर एका लेडी डॉक्टरचा नंबर लावून दिला. घरात आमचं बोलणं भिंतीला भिंत लागून ऐकू जातं, म्हणून मी गोठ्यात जाऊन बसले, कानात हेडफोन घालून. म्हैस मध्येच हंबरली तशा डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या मागं कोण आहे?" मी म्हणलं, "म्हैस आहे, ती कुणाला सांगायची नाही."

त्या हसल्या आणि मग मी सगळं बोलले. खाज येते का, वास येतो का, पाळी कशी, सगळं विचारलं त्यांनी. पण शेवटी म्हणाल्या, आतून तपासल्याशिवाय मी औषध देणार नाही, या. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पैसे देऊन परत "या"च. पण गेले. काय बोलायचं ते आधीच बोलून झालेलं, त्यामुळं तिथं लाज वाटली नाही. गर्भपिशवीच्या तोंडाला सूज होती. गोळ्या दोघांनाही दिल्या, नवऱ्याला पण. ते बरं झालं, नाहीतर तो येणारच नव्हता.

दुधना | सकाळी ११:२०

म्हशीचं भारी 😂 ताई, धाडस केलं तुम्ही.

बालाघाटचा_पोऱ्या (पाटोदा) | सकाळी ११:४४

आमच्याकडं उलटं झालं. चुलतभावाच्या पोटात दुखायलं, रात्रीचं. एका ॲपवर डॉक्टर मिळाला, हिंदी बोलणारा. भाऊ म्हणतो "कळ येतीय, मुरडा नाही, चिळक मारतीय." आता चिळकेला हिंदीत काय म्हणायचं? "दर्द है" एवढंच पोचलं. गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळपर्यंत ताप, उलट्या, उजवीकडं हात लावू देईना. बीडला नेलं, अपेंडिक्स. फुटायच्या बेतात होतं म्हणले.

त्या डॉक्टरला मी दोष देत नाही फार. त्याला हात लावताच येत नव्हता. पण मग पोटदुखीचा कॉल घेतलाच कशाला?

खेड्यातला_डॉक्टर (परभणी जिल्हा) | दुपारी १:१०

जेवण करून निवांत लिहितोय, लांबेल.

वरच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कॉल घेण्यात चूक नव्हती, मध्येच थांबून "हे व्हिडिओचं काम नाही, आत्ता जवळच्या दवाखान्यात जा" असं न सांगण्यात होती. तसा अधिकार डॉक्टरला आहे, किंबहुना ते त्याचं कामच आहे. २५ मार्च २०२०ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. तोवर फोनवर औषध सांगावं की नाही याबद्दल आम्ही डॉक्टरच चाचपडत होतो. त्यात औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएससारखं साधं औषध नुसत्या फोनवरही सांगता येतं. काही औषधं पहिल्या वेळी लिहायची तर पेशंट व्हिडिओवर दिसलाच पाहिजे. काही फक्त जुन्या पेशंटला, आधीच्या औषधात भर म्हणून. आणि नशेच्या कायद्यातली, मॉर्फीनसारखी, अजिबात नाहीत. त्यामुळं "झोपेची स्ट्राँग गोळी व्हिडिओवर लिहून द्या" म्हणून जे मागं लागतात, त्यांनी डॉक्टर खडूस आहे असं समजू नये.

आता पोटाचं. पोटाचं निदान निम्मं बोटांनी होतं. दाबल्यावर दुखतं की सोडल्यावर, पोट मऊ आहे की फळीसारखं, हे काचेच्या पलीकडून कळत नाही. तसंच छातीतलं दुखणं, धाप, झटके, गरोदरपणातलं रक्त जाणं, तोंड वाकडं होणं. यात कॉल करायचाच तर १०८ला करा. विंचवाचंही तसंच. आपल्याकडं लाल विंचू चावतो आणि लोक विंचवाचा फोटो पाठवतात! फोटो नको, माणूस आणा. प्राझोसिन लवकर दिलं तर जीव वाचतो, हे ज्यांनी महाडला बसून जगाला दाखवलं ते डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातलेच. पण ती गोळी देऊन घरी पाठवायचं नसतं, पेशंटला झोपवून बीपी, नाडी बघत राहावं लागतं. दरदरून घाम आणि हातपाय गार, ही त्यातली खूण. गार पडलेला हात कॅमेऱ्यात कसा दिसणार?

मांजराकाठ, तुमच्या अण्णांसारखा पेशंट मात्र व्हिडिओला उत्तम. जुना आजार, ओळखीचा डॉक्टर, हातात रिपोर्ट. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी कागदावरच येते, त्यासाठी कुणी लातूर गाठायची गरज नाही. फक्त वर्षातून एकदा तरी पाय नीट तपासून घ्या, डोळ्याचा पडदा बघून घ्या. ते व्हिडिओवर होत नाही.

फीबद्दलही लिहितो, कारण कुणी बोलत नाही. व्हिडिओवर वीस मिनिटं बोललो आणि फी मागितली की ऐकू येतं, "निस्तं बघितलंच की डॉक्टर, सुई तर दिली नाही."

औषधी_दुकान | दुपारी १:२२

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा सर.

पूर्णाकाठची_सिस्टर | दुपारी २:३५

उपकेंद्रात नर्स आहे, गाव सांगत नाही. सगळे जण पेशंट आणि डॉक्टरबद्दल बोलायलेत. पेशंटच्या शेजारी कोण बसलंय, ते पण बघा.

सरकारची ई-संजीवनी दोन पद्धतीची आहे. एक, तुम्ही घरून मोबाईलवर नंबर लावता, ती एप्रिल २०२० पासून. दुसरी त्याच्या आधीची, नोव्हेंबर २०१९ची: तुम्ही उपकेंद्रात येता, आमचे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, तुमचं बीपी, शुगर, वजन, ताप बघतात आणि मग तिथून डॉक्टरला जोडून देतात. दोन्ही फुकट. पण फरक केवढा! घरून बोलणारा म्हणतो "अशक्तपणा वाटतोय." आमच्याकडून बोलणाऱ्याबद्दल डॉक्टरला कळतं, खालच्या पापण्या पांढऱ्या, बीपी ९० वर ६०, वजन चार किलोनं घटलंय.

एक प्रसंग सांगते. आमच्या गावातली एक कोयता जोडी, नवरा-बायको, ऊसतोडीला कारखान्याला गेली होती, पार सांगलीकडं. रात्री त्या बाईनं कोपीतून, म्हणजे तिथल्या झोपडीतून, मला व्हिडिओ लावला, लेकरू खोकतंय म्हणून. दीड वर्षाचं. मी म्हणलं त्याचा सदरा वर कर, मोबाईल स्थिर धर, रडत असेल तर आधी शांत कर. मला श्वास मोजायचे होते. एक ते पाच वर्षांच्या लेकराचे मिनिटाला ४० किंवा जास्त झाले तर तो न्यूमोनिया धरून चालायचं. मोजायला लागले, सतरा, अठरा... आणि चित्र थांबलं. लेकराचं पोट आत गेलेलं तसंच राहिलं. रेंज गेलीय हे कळत होतं, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. पुन्हा चालू झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्या वेळी मिनिट पूर्ण झालं. ५२. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. म्हणलं आता फोन ठेव, मुकादमाला उठव, गाडी काढायला लाव. ती म्हणाली, "मुकादम म्हणंल सकाळी बघू." मी म्हणलं दे त्याला फोन. दिला. नंतर काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लेकरू पाच दिवस दवाखान्यात होतं. आता बरंय, अंगणवाडीत येतं.

गोदाकाठ (गेवराई) | दुपारी ३:०२

सिस्टर, __/\__

मुकादमाला काय बोलल्या ते खासगीत पाठवा, मला पण एकाला ऐकवायचंय.

उदगीरकर_०७ | दुपारी ३:४०

किरकोळ पण कामाचं. बायकोच्या गालावर चट्टे आले, त्वचेच्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवले. डॉक्टर म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही, चेहरा छान आहे." बायको खूश, मी हैराण. नंतर कळलं, पोरीनं मोबाईलला ब्युटी मोड लावून ठेवलेला. चट्टे, वांग, सुरकुत्या सगळं गायब. मागचा कॅमेरा लावला तेव्हा खरं दिसलं.

खेड्यातला_डॉक्टर | दुपारी ३:५५

हे फार होतं! अजून एक जोडा: पिवळ्या बल्बखाली सगळ्यांनाच कावीळ दिसते, नाहीतर खरी असलेली दिसत नाही. डोळे दाखवायचे तर दिवसा, अंगणात.

गोदाकाठ | सायंकाळी ५:१०

सावधगिरीचं एक. मेहुण्यानं एका मोठ्या दवाखान्याचा नंबर नेटवर शोधला. पहिलाच जो दिसला त्यावर फोन केला. पलीकडून गोड आवाज, "नंबर लावायला दहा रुपये भरा, लिंक पाठवतो." भरले. खात्यातून अठरा हजार गेले. दवाखान्याचा काही संबंधच नव्हता, नंबरच खोटा. १९३०ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच कळवलं म्हणून थोडे अडकवून ठेवता आले. नंबर दवाखान्याच्या जुन्या फाइलवरचाच घ्या.

निनावी (धाराशिव जिल्हा) | रात्री ९:२६

नाव न देता लिहितो.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीनंतर माझी झोप उडाली होती. डोक्यात एकच चक्र. तालुक्याला मनाच्या डॉक्टरकडं गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी गावात झालं असतं, "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय." बहिणीचं लग्न ठरायचं होतं. १४४१६ला फोन केला, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. व्हिडिओ नाही, साधा फोनच. बांधावर बसून, रात्रीचे दोन वाजलेले. पलीकडची बाई मराठीत बोलली. घाई केली नाही. पुढं डॉक्टरशी गाठ घालून दिली, गोळ्या चालू आहेत.

समोर बसून मी हे बोललो नसतो. एवढंच.

पूर्णाकाठची_सिस्टर | रात्री ९:३३

भाऊ, लिहिलंत ते लई चांगलं केलंत. गोळ्या मनानं बंद करू नका. इथं कधीही लिहा.

दुधना | रात्री ९:४०

भाऊ 🙏

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

एवढं सगळं वाचून अण्णांना वाचून दाखवलं. म्हशीवर हसले, लेकराचं ऐकून गप बसले. सिस्टरनं सांगितल्याप्रमाणं उपकेंद्रातून करायचं ठरवलंय. डॉक्टर लातूरचेच, वेळ त्यांच्या काउंटरवरून घेतलीय, गुरुवारची. आमच्या सीएचओ मॅडम शेजारी बसायला तयार आहेत.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ८:५०

काल झालं. सांगतो.

रक्त मंगळवारीच दिलं होतं, रिपोर्ट आधीच पाठवला. मॅडमनी बीपी बघितलं, १४८ वर ८६. कॉल वेळेवर लागला, दोनदा तुटला. डॉक्टर चक्क अकरा मिनिटं बोलले, मी घड्याळ लावून बसलो होतो. एचबीए१सी ८.१ म्हणजे वाढलीय, गोळी बदलली. अण्णा आधी डॉक्टरकडं न बघता मोबाईलच्या मागं बघत होते, माणूस कुठं बसलाय म्हणून.

मग डॉक्टर म्हणाले पाय दाखवा. अण्णा म्हणले पायाला काय धाड भरलीय. मॅडमनी खाली बसून तळवा हातात घेतला, ओल्या कापसानं पुसला आणि थांबल्या. टाचेत बाभळीचा काटा. मोडलेला, आत. भोवती काळं पडलेलं, दाबलं तर पाणी आलं. अण्णांना पत्ताच नाही! कधी रुतला विचारलं तर म्हणले, "कुठला काटा?"

मॅडमनी मोबाईल पार पायाजवळ नेला. डॉक्टरांनी आधी कुठं कुठं दाबायला सांगितलं, वास येतोय का विचारलं, लाली वर चढलीय का ते बघितलं. मॅडम म्हणाल्या वास नाही. मग म्हणाले काटा तिथं काढू नका, पट्टी करा, अनवाणी फिरू नका, उद्याच घेऊन या, सर्जनला सांगून ठेवतो.

आज जाऊन आलो. काटा निघाला, पू होता पण हाडापर्यंत गेलेलं नाही. आता एक दिवसाआड ड्रेसिंग, ते उपकेंद्रातच करायचं.

येताना एसटीत मी म्हणलं, "बघा अण्णा, व्हिडिओ केला म्हणून सापडलं." अण्णा खिडकीतून बाहेर बघत म्हणले, "त्या पोरीनं पाय हातात घेतला म्हणून सापडलं. मी आधीच म्हणलं व्हतं."

खेड्यातला_डॉक्टर | रात्री ९:०५

अण्णांना माझा नमस्कार सांगा. आणि चपला मऊ, मागं पट्टा असलेल्या घ्या. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

मांजराकाठ | रात्री ९:११

आरसा ठेवला सर. आई म्हणती, लग्नानंतर पहिल्यांदाच आरशात बघायलेत.